वस्तीवरचा हौदा : लाल माती करावी कशी आणि राखावी कशी



या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी हेच विषय असतात. या खेपेलाही विषय मातीचाच आहे, पण ज्या मातीत ऊस लावायचा नाही अशा मातीचा. गटात फिरताना अलीकडे बरेच सभासद विचारतात, "साहेब, पोरांसाठी वस्तीवर कुस्तीचा हौदा करायचा म्हणतोय, माती कुठली आणू?" प्रत्येकाला बांधावर उभे राहून सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिलेले बरे, म्हणून हा लेख.

हा प्रश्न आताच का निघतो त्याचे कारण उघड आहे. १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरे झाले, पुढे कालव्यांचे पाणी फिरले, विहिरी-बोअर झाल्या, ऊस वाढला. उसाला राखण लागते, रात्रीची लाइट असली तर रात्री पाणी द्यावे लागते. म्हणून माणसे गावठाण सोडून रानात राहायला आली. घरे आली, गोठे आले, पण तालीम गावातच राहिली. तालीम गावात आणि पोरं रानात, अशी गत झाली. शाळा सुटल्यावर पोराने तीन-चार किलोमीटर तालमीला जायचे आणि अंधारात परत यायचे. त्यात गाळप हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. कोणते आई-बाप धाडतील? मग पोरगं मोबाईल घेऊन बाजेवर पडतं.

वस्तीवर हौदा असावा हा विचार म्हणून योग्यच आहे. पण तो नीट न केला तर न केलेला बरा. चार ट्रॉल्या तांबडी माती खड्ड्यात ओतली की हौदा झाला, असे होत नाही. पावसाळ्यात त्याचे डबके होते आणि उन्हाळ्यात ती माती फरशीसारखी घट्ट होते. त्या फरशीवर पोर खांद्यावर पडले तर गळपट्टीचे हाड मोडायला वेळ लागत नाही. हौदा बांधायला आठ दिवस लागतात, पण तो राखायचा रोज असतो. सगळ्या लेखाचे सार एवढेच आहे; बाकीचे मी तपशील सांगतो.

मातीवर खेळणारे आपण एकटे नाही

खेळासाठी माती तयार करण्याची विद्या जगात अनेक ठिकाणी आहे. इराणमध्ये 'झूरखाने' नावाच्या जुन्या व्यायामशाळा आहेत. त्यांच्या मधोमध जमिनीपेक्षा खोल असा अष्टकोनी हौदा असतो आणि व्यायाम त्यातच करतात. जपानची सुमो कुस्ती मातीच्या चोपून केलेल्या ओट्यावर होते. त्यावरचे खेळाचे वर्तुळ ४.५५ मीटर व्यासाचे असते, आणि प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या आधी ते नव्याने घडवतात.

अमेरिकेत तर शेतकरी घरामागे घोड्याच्या नाला फेकण्याचा खेळ मांडतात. ४० फूट अंतरावर दोन लोखंडी खुंट्या, प्रत्येक खुंटीभोवती मातीचा किंवा वाळूचा लहान खड्डा. नाल खुंटीत अडकली तर ३ गुण, जवळ पडली तर १ गुण. तिथेही जाणते लोक खड्ड्यात चिकणमाती घालतात आणि ती पाणी मारून ओलसर ठेवतात. कोरड्या, कठीण मातीवर नाल आपटून उसळते आणि ओल्या मातीत रुतून बसते. खेळ वेगळा, पण तत्त्व एकच : माती ज्या ओलीवर असेल, तसा खेळ होतो.

आपल्याकडे ही विद्या तालमींनी जपली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभे केले, ते १९१२ साली सुरू झाले. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांना कुस्तीचे पहिले धडे त्यांच्या वडिलांनी, दादासाहेबांनी, वयाच्या पाचव्या वर्षापासून दिले. खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुरुवात घरातून झाली होती, हे ध्यानात घ्यावे. आपल्या जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील खडकी गावचा बाला रफिक शेख २०१८ साली जालना येथे महाराष्ट्र केसरी झाला, तो असाच खेड्यातला.

साखर कारखान्यांचा आणि कुस्तीचा संबंधही जुना आहे. कागलचा शाहू, कुडित्र्याचा कुंभी-कासारी, वारणा या कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची प्रथा पाडली. अकलूजची त्रिमूर्ती केसरी स्पर्धा तर आपल्या दारातलीच. ही सगळी वरची पायरी झाली. खालची पायरी म्हणजे वस्तीवरचे दहा वर्षांचे पोर, आणि त्याच्यासाठीच हा हौदा.

आधी दोन गोष्टी पाहा

पहिली गोष्ट, वस्ताद. हौद्यावर आठवड्यातून निदान दोन दिवस उभा राहील असा जाणता माणूस तुमच्या शिवारात आहे का? तो नावाजलेला पैलवान नसला तरी चालेल. तरुणपणी तालमीत राहिलेला, डाव माहीत असलेला आणि पोरांना वेळेवर "बास" म्हणणारा असला म्हणजे झाले. असा माणूस नसेल तर हौद्याच्या नादी लागू नका. पोरांना जोर-बैठका घालू द्या, पण कुस्ती धरू देऊ नका.

दुसरी गोष्ट, जोड. एका घरात एकच पोरगं असेल तर ते लढणार कोणाशी? म्हणून एका घराने हौदा करण्यापेक्षा शेजारच्या तीन-चार वस्त्यांनी मिळून एक करावा. एकाने जागा द्यावी, दुसऱ्याने ट्रॉली, तिसऱ्याने माती, आणि पाळीने फावडे सगळ्यांनी चालवावे. आपण सहकारात वाढलेली माणसे, हे काही वेगळे शिकवायला नको.

जागा

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक जागेत होते. घरामागे मोकळी जागा असते, पण तिला लागूनच ऊस असतो. उसाला पाणी दिले की ते जमिनीखालून झिरपत हौद्यात येते. वरून माती कोरडी दिसते आणि खाली चिखल. म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

जागा उंचवट्याची असावी. पाटाच्या किंवा चारीच्या खालच्या अंगाला नसावी. भिजत्या उसापासून निदान ५० फूट दूर असावी. गोठा आणि उकिरडा यांपासूनही तेवढीच लांब असावी. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि शेणखताच्या मातीत असतात. जिथे बैलांना पत्री मारतात त्या जागेजवळ तर मुळीच नको. तिथल्या मातीत मोडके खिळे वर्षानुवर्षे राहतात. कडुलिंबाची सावली मिळाली तर उत्तम. बाभळीखाली मात्र काटे पडतात.

मापे

मोठ्या तालमीतला हौदा मोठा असतो. घरगुती कामाला आतून १८ फूट बाय १८ फूट पुरे. एका वेळी एकच जोड लढवावी.

काळ्या जमिनीत खोल खड्डा काढू नये. काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसून तिला भेगा पडतात. खोल खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि तळाला पाणी साचते. त्यापेक्षा निम्मा हौदा जमिनीखाली आणि निम्मा जमिनीवर करावा.

१८ बाय १८ फुटांचा खड्डा फक्त १ फूट खोल काढावा. निघालेली माती बाहेर टाकू नये. तिचाच हौद्याच्या चारी बाजूंनी ३ फूट रुंद आणि १ फूट उंच ओटा करून घ्यावा. हिशेब करून पाहा. खड्ड्यातून सुमारे ३२४ घनफूट माती निघते आणि ओट्याला सुमारे २५२ घनफूट लागते. उरलेली बाहेरच्या उताराला जाते. ओटा पाणी मारून धुमसाने चांगला चोपावा आणि वर तीन इंच बारीक मुरूम पसरावा, म्हणजे पावसात चिकटणार नाही.

अशा रीतीने आत २ फूट खोली मिळते. तळाला ६ इंच जाड मुरूम किंवा भरड वाळू घालावी. हा निचऱ्याचा थर होय. त्याला सुमारे १६० घनफूट, म्हणजे दीड ब्रासपेक्षा थोडा जास्त माल लागतो. तळापासून खालच्या अंगाला एक चर काढून त्यात दगडगोटे भरावेत, म्हणजे झिरपलेले पाणी निघून जाईल. वर दीड फूट लाल माती येते, ती ४८६ घनफूट, म्हणजे जवळजवळ ५ ब्रास. माती पुढे बसते, म्हणून ६ ब्रास धरून चालावे. ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसते असे धरले तर मातीच्या सहा खेपा झाल्या.

हौद्याच्या आतल्या कडेला विटा, दगड किंवा सिमेंटचा कोपरा लावू नये. दिसायला ते चांगले दिसते, पण पोराचे डोके आपटले म्हणजे त्याची किंमत कळते. लाल माती आणि कडेचा ओटा एका पातळीत ठेवावा. थोडी माती बाहेर सांडते, ती झाडून परत आत ओढायची.

वर छप्पर असले तर हौदा बारमाही चालतो. पत्रा घाला नाहीतर पाचटाचे करा, पण उंची १२ फुटांपेक्षा कमी नसावी आणि बाजू मोकळ्या असाव्यात. खांब ओट्याच्या बाहेरच्या कडेला उभे करावेत आणि माणसाच्या उंचीइतक्या भागाला गोणपाटात पाचट भरून बांधावे. छप्पर जमत नसेल तर पावसाळ्यात ताडपत्री टाकून हौदा बंद ठेवावा. भिजलेल्या हौद्यात कुस्ती नको.

या कामाला एप्रिल-मे महिने सोयीचे. गाळप आटोपलेले असते, ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिकाम्या असतात, रान कोरडे असते. मातीला महिना-दोन महिने मुरायला मिळतात आणि श्रावणात नागपंचमीला हौद्याची पूजा करता येते.

माती

आपल्या जिल्ह्यात जमीन बहुतेक काळी, आणि तिच्यात चुनखडीचे खडे. हे खडे अंगाला ओरबाडतात. नुसती काळी माती कुस्तीला चालत नाही. ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकूळ होते. नुसती वाळूही चालत नाही. तिच्यात पाय ठरत नाही आणि कातडी सोलते.

हवी ती मध्यम पोताची तांबडी माती. ओली करून मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि बोटाने टोचली तर सहज फुटावी. माळाकडेची तांबूस माती मिळाली तर चाळून घ्यावी. तिच्यात फार भरडपणा असेल तर नदीकाठचा स्वच्छ पोयटा तीन भागांस एक भाग मिसळावा. वाळू चाळायच्या बारीक जाळीतून माती दोनदा गाळावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. एक काच, एक खिळा, एक हाडाचा तुकडा राहिला तरी घात होतो.

कोणती माती घेऊ नये, तेही सांगतो. वाळल्यावर पांढरा थर येणारी खारवट किंवा चोपण जमिनीची माती घेऊ नये. ती अंगाला झोंबते. हुमणीसाठी दाणेदार औषध टाकलेल्या किंवा नुकतेच तणनाशक मारलेल्या प्लॉटमधली माती घेऊ नये. ओढ्याला गावाचे सांडपाणी येत असेल तर तिथला गाळ घेऊ नये.

काही सभासद विचारतात, कारखान्याचा प्रेसमड किंवा बगॅस घातला तर माती भुसभुशीत राहील का? राहीलही, पण घालू नका. प्रेसमड हे खत आहे. ते शेतात शोभते, पोराच्या तोंडा-डोळ्यांत नव्हे. बगॅसची बुरशी आलेली धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा आजार होतो. शेणखत आणि राख यांनाही हौद्यात जागा नाही.

मातीत काय घालावे

ताक, हळद, लिंबाचा रस, गोडेतेल, काव, कापूर आणि कडुलिंबाचा पाला हा तालमीतला जुना मसाला. मोठ्या तालमीत तो मणांनी घालतात. घरच्या हौद्याला ऐपतीप्रमाणे घालावा. सहा ब्रास मातीला मी सुचवतो ते असे : काव दोन पोती, ताक ४० ते ५० लिटर, गोडेतेल १० लिटर, हळद ५ किलो, शंभरेक लिंबांचा रस, आणि कडुलिंबाचा वाळवून बारीक केलेला पाला दोन घमेली. कापूर मूठभर पुरतो.

सगळे एकदम ओतू नये. मातीचा सहा इंचांचा थर द्यावा, त्यावर मसाल्याचा तिसरा हिस्सा शिंपडावा, फावड्याने खालीवर करावे, मग दुसरा थर. तिन्ही थर झाले की आठ दिवस रोज एकदा उलटापालट करावी. ताकाचा वास जाईपर्यंत कुस्ती धरू नये.

या प्रत्येक जिनसाचे काम वेगळे. तेलाने धूळ दबते आणि माती अंगाला मऊ लागते. काव मातीला रंग आणि गुळगुळीतपणा देते. ताक-लिंबाने माती मुरते. हळद आणि कडुलिंब जंतूंसाठी म्हणून घालतात. पण एक लक्षात ठेवा, हळद घातली म्हणून हौदा दवाखान्यासारखा स्वच्छ झाला, असे समजू नये. स्वच्छता पुढे सांगतो तशीच पाळावी लागते. तेल-हळद संपते, म्हणून वर्षातून एकदा निम्म्या प्रमाणात मसाला परत द्यावा आणि कमी झालेली माती भरून काढावी.

हौद्याचा वाफसा

आता खरी गोष्ट. वाफसा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पेरणीला जो वाफसा लागतो, जवळजवळ तोच कुस्तीला लागतो. हौद्यात चार बोटे खोलवरची माती मुठीत घ्या आणि दाबा. गोळा झाला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. तो गोळा कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडा. फुटून मोकळा झाला तर वाफसा बरोबर आहे. चपटा झाला तर ओल जास्त, त्या दिवशी नुसते खणून ठेवा. मुठीत गोळाच झाला नाही तर ओल कमी, पाणी मारा.

उन्हाळ्यात एक दिवसाआड, हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी शिंपडावे लागेल. पाणी संध्याकाळी झारीने मारावे. पाइप सोडून देऊ नये. एका जागी डबके होते आणि बाकी हौदा कोरडा राहतो. सकाळी वरची ८ ते ९ इंच माती फावड्याने खणून, ढेकळे फोडून, फळीने सपाट करावी. खणताना रोज बाजू बदलावी, म्हणजे सगळीकडे सारखा भुसभुशीतपणा राहील.

हे खणणे पोरांकडूनच करून घ्यावे. जुने वस्ताद नव्या पोराला आधी फावडे देत, डाव नंतर शिकवत. हौदा खणला की खांदे, कंबर, मांड्या आणि पकड सगळ्यांना व्यायाम होतो. शिवाय ज्याने माती खणली त्याला तिची काळजी वाटते. खणताना माती नजरेखालून जाते. विंचू, साप, काटा, काच काही असेल तर तेव्हाच दिसते. रानातल्या हौद्यात ही सावधगिरी हवीच. ओलसर भुसभुशीत जागा मांजरांना आणि कुत्र्यांनाही आवडते आणि ती तिथे घाण करतात. म्हणून काम झाले की ताडपत्री झाकावी आणि भोवती काटेरी नव्हे तर साध्या जाळीचे कुंपण करावे.

चार-सहा दिवस खणणे चुकले तर हौदा घट्ट होतो. अशा वेळी "आज तसेच खेळू" म्हणू नये. आधी फावडे, मग लंगोट, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

अंगाची काळजी

धनुर्वाताची लस पोरांना मिळालेली आहे का ते पाहावे. शासनाच्या लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी ती दिली जाते. चुकली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. अंगावर उघडी जखम, गळू किंवा गजकर्ण असेल तर बरे होईपर्यंत हौद्यात उतरू देऊ नये. गजकर्ण एकाला झाले की आठवड्यात सगळ्या जोडीदारांना होते. नखे कापलेली असावीत. कडे, गंडा, चेन, कानातले काढून ठेवावे. ज्याचा लंगोट त्यानेच वापरावा आणि रोज धुवावा. कुस्तीनंतर अंगावरची माती वाळली की साबणाने अंघोळ करावी. कान सुजला तर घरी दाबत बसू नये, डॉक्टरांना दाखवावा. मानेला मार लागला तर पोराला उठवून बसवू नये. मान न हलवता, फळीवर निजवून दवाखान्यात न्यावे.

खाण्याचे म्हणाल तर ज्वारीची भाकरी, दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी आणि गूळ यांत सगळे येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव देशभर आहे आणि आपण मात्र पोरांना बिस्किटाचे पुडे देतो. थंडाई-बदाम परवडले तर द्यावेत, नाही परवडले तर कर्ज काढू नये. लवकर अंग भरावे म्हणून डब्यातल्या पावडरी आणि इंजेक्शने मात्र कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. त्याने पोराची तब्येत जाते, आणि पुढे स्पर्धेत तपासणी झाली तर नावही जाते.

खेळ

आधी पंधरा मिनिटे अंग मोकळे करणे. मग जोर, बैठका, सपाट्या वयाप्रमाणे. दहा-बारा वर्षांच्या पोराला पाचशे बैठका घालायला लावणे हा पराक्रम नव्हे. पहिले दोन महिने फक्त पडायला शिकवावे : हनुवटी छातीशी, हात न टेकता, पाठीवर गोल पडणे. पडायला आले की भीती जाते, आणि भीती गेली की खेळात गोडी येते.

जोड लावताना वजन बघावे, वय बघावे, आणि वडिलांची भांडणे विसरावीत. वजनात तीन-चार किलोंपेक्षा जास्त फरक नको. आधी मातीला नमस्कार, मग एकमेकांना सलामी. मातीतल्या कुस्तीचा निकाल सोपा : ज्याची पाठ मातीला लागली, तो चीतपट. मान मुरगाळणे, बोटे पिरगाळणे, सांधा उलटा दाबणे, तोंडावर मारणे हे बंद. कोणी मातीवर थाप मारून "बास" म्हटले की त्या क्षणी सोडायचे. पाच मिनिटांत निकाल लागला नाही तर वस्तादाने बरोबरीत सोडवावी.

पट काढणे, एकलंगी, ढाक, धोबीपछाड, घिस्सा ही नावे सगळ्यांनी ऐकलेली आहेत. पण डाव कागदावर वाचून शिकण्याची गोष्ट नाही. ते वस्तादाकडून, एक डाव महिनाभर घोटून शिकावे.

हा खेळ मुलींचाही आहे. साक्षी मलिकने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीत झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. वस्तीवरच्या मुलींना गावातल्या तालमीत जाणे अवघड होते, घरच्या हौद्यात तसे नाही. त्यांची वेळ वेगळी ठेवावी, घरातली एक थोरली बाई तिथे हजर असावी, आणि जोड मुलीशीच लावावी.

आणि मोठ्यांनीही बाजूला बसून नुसते बघू नये. चाळिशीच्या माणसाने कुस्ती धरू नये हे खरे, पण फावडे तर हाती घ्यावे. संध्याकाळी चार वस्त्यांची माणसे हौद्याच्या ओट्यावर बसली, पोरांच्या दोन-चार कुस्त्या झाल्या, हलगीवाला असला तर हलगी वाजली, की बांधावरून झालेली किती तरी अबोली मिटते. निकालावर पैसा मात्र लावू नये. बक्षीस द्यायचेच तर नारळ द्यावा, फेटा बांधावा, नाहीतर काकवीची बाटली.

माती आणि गादी

शेवटी एक स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. ती वेळेवर आणि गुणांवर चालते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत गदेसाठी समोरासमोर येतात. म्हणून ज्या पोरात खरोखर चमक दिसेल, त्याला चौदा-पंधराव्या वर्षी गादीची सोय असलेल्या तालमीत घालावे. घरच्या हौद्यात धरून ठेवू नये. उसाचे रोप गादीवाफ्यावर कायम ठेवून चालत नाही, वेळेवर सरीत लावावे लागते; तसेच हे.

पण दहापैकी नऊ पोरे पैलवान होणार नाहीत, हेही आधीच मान्य करावे. ती शेतकरी होतील, नोकरी करतील, कोणी ट्रक चालवतील. त्यांना दणकट अंग, मोकळा श्वास, हरल्यावर समोरच्याचा हात धरून उठण्याची सवय आणि रोज सकाळी उठून फावडे मारण्याची शिस्त मिळाली, तरी सहा ट्रॉल्या मातीचे पैसे वसूल झाले.

ज्या सभासदांना हौदा करायचा असेल त्यांनी आणायच्या मातीचा दोन किलो नमुना आपल्या गट ऑफिसात आणावा. क्षार किंवा चुनखडी किती आहे ते आमचा शेतकी विभाग पाहून सांगेल. माती ओतल्यावर येण्यापेक्षा ओतण्याच्या आधी यावे, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग